ताठ, नरम आणि जॉबर

त्यांना सगळे जॉबर म्हणत आणि ते जॉबर नव्हते. जॉबर, म्हणजे मुकादम, होते त्यांचे वडील, गिरणीत, साचेखात्यात. वडील गेले, गिरणी बंद पडली, हुद्दा मात्र घरातल्या पितळी भांड्यांबरोबर मुलाकडे आला. एकदा मी त्यांना याबद्दल विचारलं तर म्हणाले, "हाक मारायला लोकांना कायतरी लागतंच ना, बाई." त्यांना काका म्हणावं की जॉबर, हा माझा गोंधळ शेवटपर्यंत सुटला नाही. समोर काका म्हणायचे आणि घरी जॉबर.

आमची ओळख जेमतेम चार महिन्यांची. मी गिरगावातल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. मला उत्तर असलेले प्रश्न आवडतात. उत्तर एकच असावं आणि त्याखाली दोन रेघा मारता याव्यात. जॉबरनी मला असं उत्तर एकदाही दिलं नाही. तरी माझं काम झालं, आणि ते नेमकं कशामुळे झालं हे मला आजही सांगता येत नाही. लिहायला घेतलं की उलगडेल असं वाटलं होतं. अजून तरी तसं लक्षण दिसत नाही.

प्रश्न असा होता. माझी आई एकोणऐंशी वर्षांची, फणसवाडीत माझ्याकडे राहते, म्हणजे तेव्हा राहत होती. पाठीचे दोन मणके दबलेले. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, कोकणात माहेरच्या घरात एकटी, आणि गुडघ्यांमुळे ती घराच्या पायऱ्यासुद्धा उतरत नाही. दोघी चार वर्षं भेटल्या नव्हत्या. फोनवर दोघी एकाच वेळी बोलायच्या, दोघींना कमी ऐकू यायचं, आणि फोन ठेवला की आई मला विचारायची, "काय म्हणत होती गो ती?" आईला तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बाकी काही नाही.

आड येत होते शेवटचे तीन किलोमीटर. मोठ्या रस्त्यावर कुठलीही गाडी चालते. तो सोडला की घरापर्यंत कातळ, दगड आणि मध्ये एक ओढा. साध्या गाडीचं पोट दगडाला लागून ती अडकते, रिक्षात माणूस टपाला आपटतो, आणि डॉक्टरांनी तर बजावून ठेवलेलं की एक जोराचा धक्का बसला तर तिसरा मणका जाईल, मग बसणंही विसरा. मावशीच्या शेजाऱ्यांनी सुचवलं की खुर्चीत बसवून चौघं उचलून आणू. त्यावर आई म्हणाली, "चौघांच्या खांद्यार मी एकदाच जातलंय. ता आताच नको."

राहिली जीप. ती नवऱ्याची. तो बोटीवर नोकरीला, वर्षातले सहा महिने समुद्रात, आणि ही चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप ठाकूरद्वारला ओळखीच्यांच्या आवारात ताडपत्रीखाली. मला ती चालवता येते. नवऱ्याने फोनवर सगळं सोपं करून टाकलं. "दोन-तीन इंच लिफ्ट करून घे, कडक स्प्रिंगा टाक. लालबागला जॉबरकडे जा. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड. आत पन्नाशीचा एक अबोल फिटर, भिंतीला लागून तीन बाकडी, आणि दाराशी स्टुलावर जॉबर. साठी ओलांडलेले, पांढराशुभ्र शर्ट, खिशात पेनाच्या जागी मोजायची टेप. मी जीप उभी केली, उतरले आणि म्हटलं, "उंच करून घ्यायचीय. आणि स्प्रिंगा जरा कडक..."

"इथे कडक म्हणायचं नाही."

"म्हणजे?"

"चहा कडक, इस्त्री कडक, हवालदार कडक, नाटक बघून आला की नाटक कडक. मग लोखंडाला काय म्हणणार? लोखंडाचे दोनच प्रकार, बाई. ताठ आणि नरम. आता बोला."

"ताठ," मी निमूटपणे म्हटलं. वर्गात पोरांचं मी जे करते तेच कोणीतरी माझं करत होतं.

"बसणारा कोण?"

"मीच चालवणार आहे."

"चालवणारा बसत नाही. बसणारा सांगा."

मग मी आईचं सांगितलं. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. आईचं वय विचारलं, वजन विचारलं, घरी ती कशावर बसते आणि उठताना कशाला धरते ते विचारलं. मी उत्तरं देत गेले आणि मनात म्हणत होते, हा माणूस गाडी दुरुस्त करतो की स्थळं जमवतो.

त्या तीन बाकड्यांचं प्रकरण वेगळंच होतं. जुन्या जीपला चाकाशी लोखंडी पट्ट्यांची एकावर एक चळत असते, वाकवलेली. तिला गॅरेजात पाटे म्हणतात. जॉबरनी प्रत्येक बाकड्याखाली पायांऐवजी असे पाटे बसवले होते. पहिल्याखाली जाड, दुसऱ्याखाली मधले, तिसऱ्याखाली पातळ. गिऱ्हाइकाला हातात काठोकाठ भरलेला कपबशीतला चहा देऊन तिन्हीवर बसवायचं, फिटरने बाकड्याला लाथ मारायची आणि बशीत किती चहा आला ते जॉबरनी वाकून बघायचं. साडी नेसून, शाळेची पर्स मांडीवर घेऊन मी हे सगळं केलं आहे. जाड पाट्यांवर चहा जवळपास सांडलाच नाही. पातळ पाट्यांवर बाकडं झुलत राहिलं आणि अर्धा कप बशीत आला.

"म्हणजे ताठच बरे," मी म्हटलं. निरीक्षणावरून अनुमान, इतकं सरळ.

"चहाला बरे," जॉबर म्हणाले. "चहाला पाठ नसते."

"मग नरम?"

"नरम पाटे धक्का खातात, पण ओझ्याने बसतात. गाडी खाली बसली की पोट दगडावर. उंची पाहिजे तर ताठ घ्या, आई पाहिजे तर नरम घ्या."

"मला दोन्ही पाहिजे."

"सगळ्यांनाच दोन्ही पाहिजे असतं. पुढच्या शनिवारी या."

असे मी किती शनिवार गेले. एका शनिवारी ते ताठच्या बाजूने असत, पुढच्या शनिवारी नरमच्या. मी वही घेऊन जायला लागले. वहीत एका पानावर लिहिलंय, "पाटे जेवढे पातळ आणि जास्त तेवढं बरं," आणि त्याच्या समोरच्या पानावर, त्याच अक्षरात, "पातळ पाट्यांच्या नादी लागू नये." दोन्ही वाक्यं त्यांचीच. मी विरोध दाखवून दिला तर म्हणाले, "तेव्हा ऊन होतं."

शिवाजी पार्कचा एक तरुण नवी कोरी, रानावनात घालायची गाडी घेऊन आला होता, तो मी तिथे असतानाच. त्याला चार इंच उंच करून हवी होती. जॉबरनी नेहमीचाच प्रश्न विचारला.

"बसणारा कोण?"

"मी, मित्र. कधी घरचे."

"घरात म्हातारं कोण?"

"आजी आहे. पण ती कशाला..."

जॉबरनी गाडीच्या पायरीची जमिनीपासून उंची मोजली, त्यात सहा बोटं मिळवली (इंच त्यांना मान्यच नव्हते, माप नेहमी बोटांत) आणि त्या उंचीवर फिटरकडून भिंतीवर खडूची रेघ मारून घेतली. "एवढ्या उंचीचं टेबल घरी असेल तर आजीला त्यावर चढायला सांगा. चढल्या तर या, सहा काय आठ बोटं करून देतो." तो तरुण हसला, पण रेघेचा फोटो काढून घेऊन गेला. पंधरा दिवसांनी परत आला आणि नुसते शॉकअप बदलून गेला. आजी चढली की नाही हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण जॉबरनी विचारलं नाही म्हणून मीही विचारलं नाही.

रस्त्यात चालताना हा माणूस मध्येच वाकून फुटपाथची उंची बोटांनी मोजायचा. लालबाग ते दादर पायी जायचा, पायी यायचा. मला वाटलं व्यायामासाठी. एकदा मी म्हटलं, "काका, जीपमध्ये बसा ना, परळपर्यंत एक चक्कर मारू, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल." ते शेडमध्ये गेले ते बाहेरच आले नाहीत. शेवटी फिटर हात पुसत म्हणाला, "मॅडम, उनको गाडी लगती है. बस में भी, टॅक्सी में भी. दो मिनिट में उलटी."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पाटे ठरवणारा माणूस स्वतः कधी गाडीत बसत नाही. अशा माणसाच्या सल्ल्यावर आपण आईची पाठ सोपवतोय, हे नवऱ्याला सांगावं का याचा मी दोन दिवस विचार केला. सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तेही नीट आठवत नाही.

आता ती शेड नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. जॉबर कुठे आहेत यावर गल्लीत तीन मतं आहेत. चहावाला म्हणतो मुलीकडे बदलापूरला, पानवाला म्हणतो गावी, आणि इस्त्रीवाला म्हणतो कालच तर इथून गेले. मी तिघांवरही विश्वास ठेवून आले.

तर तेव्हा, पाठ बघितल्याशिवाय पाटे ठरणार नाहीत असं जॉबरनी फर्मावलं आणि एका रविवारी ते लालबागहून चालत फणसवाडीत आमच्या घरी आले. तिसरा मजला चढून आले तरी दम लागलेला नव्हता. आई कॉटवर उशांना टेकून बसली होती. तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, "ह्यो मेकॅनिक काय वैद्य?"

"मेकॅनिकच, काकी," जॉबर म्हणाले आणि पुढे एकदम मालवणीत घुसले. "तुमची पाठ बगूक इलंय. खंय दुखता?"

गावं निघाली. दोघांच्या गावांमध्ये एक खाडी. मग कोणाच्या घरातली कोण कुठे दिली, कोणाचा आंबा कोणाच्या वईत, कुंपणाच्या आत, पडायचा, असा तासभर गेला. पाठीचा विषय निघेना. मी घड्याळाकडे बघत चहा केला, पोहे केले. शेवटी आई उठायला लागली, मी हात द्यायला धावले, तर जॉबरनी मला हातानेच थांबवलं. ते नुसते बघत राहिले. कॉटच्या कडेला धरून आई उभी राहिली आणि मग, मला चार वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते, तिने त्यांना सांगितलं.

"धक्क्यान तेवढा दुखणा नाय. धक्को बसतलो म्हणान मी आदीच आंग आवळून घेतंय ना, त्येनाच जास्त दुखता."

जॉबरनी मान डोलावली. जाताना जिन्यात मला म्हणाले, "उंची पाहिजे. तीन बोटं. पोट घासल्याचा आवाज आला की त्या आंग आवळणार. आवाज येता कामा नये."

"आणि पाटे?"

"नरम. पातळ, आठ पट्ट्यांचे. खाली थोडा आधार देऊन उचलू."

ठरलं एकदाचं. मी घरी येऊन वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढची चूक सर्वस्वी माझी. वार्षिक परीक्षेचे दिवस, स्टाफरूममध्ये गठ्ठे, गोंगाट. जॉबर पुतणीच्या लग्नाला अलिबागकडे गेले होते, तेही लाँचने, कारण त्यांना गाडी लागते, बोट लागत नाही. तेवढ्यात फिटरचा फोन आला. "मॅडम, दोनों टाइप का पाटा आया है. सेठ तो नहीं है. कैसा बिठाने का?" एका हातात लाल पेन, कानाशी फोन. कसं बसवायचं म्हणजे काम कसं करायचं, असं मी ऐकलं, आणि इस्त्रीवाल्याला, सुताराला, रंगाऱ्याला आपण जे सांगतो तेच सांगून मोकळी झाले. "भाईसाब, एकदम कडक बिठाओ."

त्याने एकदम कडक बसवले. सहा जाड पट्ट्यांचे, सामान वाहणाऱ्या गाडीला घालतात ते. उरलेला पातळ पाट्यांचा जोड त्याने इमानाने ज्याच्याकडून आणला होता त्याला परत केला, आणि त्या माणसाने तो त्याच दिवशी दुसऱ्याला देऊन टाकला. नवा बनवून यायला महिना. जीप घेऊन मी चिंचपोकळीच्या पुलावर चढेपर्यंत माझे दात वाजायला लागले होते. पुलावर गाडी बाजूला घेतली आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी काय बोलून बसले.

महिना माझ्याकडे नव्हता. आईला पाठीत इंजेक्शन दिलेलं, त्याने दुखणं कमी राहणार ते पंधरा-वीस दिवस. जूनमध्ये ओढ्याला पाणी येतं आणि दिवाळीपर्यंत रस्ता बंद. दिवाळीत आई गाडीत बसू शकेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं तर ते कागदांकडे बघत राहिले. आईने मात्र मावशीसाठी पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

जॉबर परतले त्या दिवशी मी शाळेतून थेट लालबाग गाठलं. ते जीपखाली वाकून बघत होते. उठले, हात झटकले.

"त्याला काय म्हणालात?"

मी जमिनीकडे बघत सांगितलं.

ते रागावतील अशी माझी तयारी होती. ते बाकड्यावर बसले, चहा मागवला आणि म्हणाले, "बोर्डच लावायला पाहिजे होता मी." मला रडू येत होतं आणि शिक्षिका असल्यामुळे रडता येत नव्हतं.

"ताठ पाट्याला नरम करायचा एकच मार्ग," ते चहा संपवून म्हणाले. "त्याला काम द्यायचं. रिकामा असला की तो माणसाला फेकतो. पुरतं ओझं दिलं की वाकतो, आणि वाकलेला पाटा धक्का खातो. वजन भरा."

"किती?"

"बशीत बघू."

मग त्या गल्लीत भर दुपारी जे चाललं ते बघायला दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. रस्त्यात लाकडी ठोकळे टाकले. पुढच्या सीटवर, आई बसणार तिथे, भरलेली कपबशी ठेवली. मागे पन्नास किलोचं तांदळाचं एक पोतं टाकून मी ठोकळ्यांवरून गाडी नेली. निम्मा चहा बशीत. दोन पोती, तीन पोती. पाचव्या पोत्याला बशीत चमचाभर चहा आला. जॉबरनी खाली वाकून पोटाची उंची मोजली. जीप जेवढी उंच हवी होती तेवढीच भरली, तीन बोटं. हे त्यांना आधीपासून माहीत होतं की तेव्हाच जुळून आलं, हे मी विचारलं. ते म्हणाले, "चमचाभर अजून आहे. एक वजन कमी पडतंय."

"सहावं पोतं टाकू?"

"पोतं नको. बोलणारं पाहिजे. मी येतो."

"पण काका, तुम्हाला तर गाडी..."

"लागते," ते म्हणाले. "पाठ ठीक आहे माझी."

अशी मे महिन्यात आमची स्वारी निघाली. मी, आई, अडीचशे किलो तांदूळ, आणि सगळ्यात मागे, चाकाच्या बरोबर वर, जिथे सर्वांत जास्त हादरे बसतात तिथे, मांडीवर लिंबं आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन जॉबर. चिपळूणला मुक्काम करून दोन दिवसांत गेलो. मोठ्या रस्त्यावरच त्यांना चारदा उलट्या झाल्या. दर वेळी मी गाडी थांबवायची, ते उतरायचे, चूळ भरायचे, पाटे हाताने चाचपायचे आणि पुन्हा चढायचे. आई मागे वळू शकत नव्हती. ती म्हणायची, "बाबा, कित्याक इलंस रे तू?" ते म्हणायचे, "वजन म्हणान."

मोठा रस्ता सुटला आणि पहिला दगड दिसला तसं आईने डॅशबोर्डची कड घट्ट धरली. तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसली. मागून जॉबर बोलले, एकदम नेहमीच्या आवाजात.

"काकी, ह्या उजव्या हाताचा घर कोणाचा?"

"ता?" आई म्हणाली. "ता सुताराचा."

"आणि त्येच्या मागला?"

"मागे तेचो भाव. दोघांचा बोलणा नाय."

"कित्याक?"

आई सांगायला लागली. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी टाकून दगडावर चाक चढवलं. जीप हळूच वर गेली, हळूच खाली आली. पोट घासलं नाही. आईचा हात डॅशबोर्डवरून सुटून हवेत सुताराच्या भावाची जमीन दाखवत होता. तीन किलोमीटर असेच गेले. कोणाची विहीर आटली, कोणाची सून शहाणी, कोणता फणस कापा आणि कोणता बरका. जॉबर विचारत होते, मध्येच पिशवी तोंडाला लावत होते, पुसून पुन्हा विचारत होते. ओढ्यात चाक एका खड्ड्यात गेलं, मी डोळे मिटले, आणि आई सांगत होती की इथे त्या दोघी बहिणी कपडे धुवायच्या.

पाटे कामाला आले, तांदूळ कामाला आला, की जॉबरच्या त्या चौकशा, हे मला कळलेलं नाही. मी नंतर कागदावर वजनं मांडून पाहिली, काही हाती लागलं नाही. घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा आईची पाठ होती तशी होती, एवढंच मला ठाऊक आहे. जॉबर उतरून तासभर रातांब्याखाली डोकं धरून बसले.

मावशी पडवीत खुर्चीवर होती. आईला धरून मी पायऱ्या चढवल्या.

"केस केवढे पिकले गो तुझे," मावशी म्हणाली.

"तुझे खंय काळे आसत?" आई म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. मग दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले आणि दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या.

आम्ही चार दिवस राहणार होतो. तांदळाची पोती मावशीच्या कोठीत उतरवली. मुंबईहून कोकणात तांदूळ आणला म्हणून अख्खी वाडी हसून गेली. चौथ्या दिवशी सकाळी मी आईची पिशवी भरायला घेतली तर ती म्हणाली, "माझी भरू नको."

"म्हणजे?"

"मी हयच रवतंय. माका आता परत हलव नको."

मला आधी राग आला. चार महिने मी शनिवार-शनिवार करत होते ते तिला इथे आणायला, सोडून जायला नव्हे. औषधं कोण देणार, डॉक्टर कुठे, रात्री उठवणार कोण, मी भराभर विचारत गेले. मावशीचे शेजारी, तालुक्याचे डॉक्टर, सगळी उत्तरं तिने तयार ठेवली होती. तिला परत नेण्यासाठी त्या रस्त्यावरून पुन्हा न्यायचं, पुन्हा तिचा जीव मुठीत, हेही मला नको होतं. मी मागच्या पडवीत जाऊन रडले. येण्याचा विचार मी इतका केला होता, की परत जाण्याचा केलाच नव्हता.

निघताना आई पडवीत बसून होती. "सावकाश जा," म्हणाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खरं तर तो तिने फिरवायचा असतो.

जॉबर या वेळी मागे गेले नाहीत. पुढे, आईच्या सीटवर बसले, लिंबू नाकाशी धरून. मागे जीप पूर्ण रिकामी होती. मी चावी लावली आणि थांबले.

"काका, मागे काही भरायचं का? दगड तरी टाकूया?"

"कशाला?" ते म्हणाले. "आता कोणाची पाठ जपायचीय?"

मी गाडी सुरू केली. पहिल्याच दगडाला जीपने आम्हाला असं फेकलं की माझं डोकं टपाला लागलं. पुढचा दगड समोर दिसत होता. माझा डावा हात आपोआप स्टिअरिंगवरून सुटला आणि आईला सावरायला शेजारच्या सीटकडे गेला. तिथे जॉबर होते. त्यांनी माझा हात धरला, उचलला आणि पुन्हा स्टिअरिंगवर आणून ठेवला.

"पडवीत बसल्यात त्या, बाई," ते म्हणाले. "चालवा."